रविवारची गाडी: कोणती घेतली, कुठे चालवली, काय निस्तरलं?

बावधनकर, पुणे

घरात एक गाडी आहे. उंच, पांढरी, ऑटोमॅटिक. पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा मुकाट्याने गिळते. तिच्याबद्दल तक्रार नाही. सोमवार ते शुक्रवार ती हिंजवडीला जाऊन येते आणि मी नुसता आत बसलेला असतो. थोरलीची बारावी झाली, घराचे हप्ते संपले, आणि परवा जेवताना बायकोनेच विषय काढला की रविवारी सकाळी तू घरात असून नसल्यासारखा असतोस, त्यापेक्षा घे बाबा हवी ती गाडी एकदाची. हे वाक्य ती परत घेण्याआधी धागा काढतोय.

तर मजेसाठी दुसरी गाडी घ्यायची आहे. तीन पेडलवाली (म्हणजे क्लचची, मॅन्युअल), बुटकी, वळणाला चिकटणारी. बजेट ऑन-रोड पंधरा लाख, जुनी चालेल. रस्ते म्हणजे ताम्हिणी, पसरणी, वरंधा (उघडा असला तर), फार तर आंबोली. सध्या यादीत फियाटची जुनी अबार्थ पुंटो, जुनी पोलो जीटी आणि नवी आय२० एन लाइन एवढंच आहे. २०२५मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयचे सगळे व्हिडिओ बघून झालेत. तेव्हा ५३ लाख एक्स-शोरूम आणि पहिल्या खेपेला अख्ख्या देशासाठी १५० गाड्या, त्यामुळे तो विषय मिटला.

अश्वशक्तीचे आकडे मला पाठ आहेत. अनुभव हवेत. काय घेतलं, कुठल्या रस्त्यावर चालवता, घरचे काय म्हणाले, वर्षाचा खर्च किती, मेकॅनिक कुठला. परदेशातल्यांनीही लिहा. थोडं जळायची तयारी आहे.

सह्याद्रीपुत्र

थार घ्या.

बावधनकर

पहिला प्रतिसाद हाच येणार यावर बायकोशी पैज होती. जिंकलो. पुढचे?

विंचूमालक, चिंचवड

माझ्याकडे अबार्थ पुंटो आहे, मी दुसरा मालक. तुम्हाला आकडे पाठ आहेत, पण बाकीच्यांसाठी: १.४ लिटरचं टी-जेट म्हणजे टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५ साली आली तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत होती, आणि बनायची आपल्या रांजणगावला. त्या पैशात एवढा दम तेव्हा कोणी देत नव्हतं.

दोन हजार आरपीएमच्या खाली ती साधी हॅचबॅक आहे, भाजी आणायला गेलात तर कुणी वळून बघणार नाही. त्याच्या वर टर्बो जागा होतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढ घेतं. तो ओढ घेण्याचा क्षण मला आवडतो, माझ्या भावाला नाही. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. पुढची चाकं डांबरावर आहेत, बारीक खडीवर आहेत की पावसाळ्यानंतरच्या शेवाळावर, हे तळहाताला कळतं. आजकालच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीतून उतरून हिच्यात बसलो की पहिली दहा मिनिटं जड वाटते, मग उतरवत नाही.

आता निस्तरणं. फियाटच्या गाड्या इथे बंद होऊन काही वर्षं झाली. इंजिन लिनिया टी-जेटचंच असल्यामुळे फिल्टर, बेल्ट, क्लच यांची सोय होते. खास अबार्थचे भाग, म्हणजे बंपर, अलॉय, विंचवाचे बिल्ले (विंचू हे अबार्थचं चिन्ह), दिसले की उचलून ठेवायचे. माझ्या दिवाणात गाद्यांच्या खाली एक डाव्या बाजूचं दार आणि हेडलाइटची जोडी आहे. आई गावाहून आली की दिवाण उघडते आणि काही न बोलता बंद करते.

मेकॅनिक आधी, गाडी नंतर. भोसरीत एक काका आहेत, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनत होती तेव्हापासून याच गाड्या खोलतात. ते आहेत म्हणून मी ही गाडी ठेवू शकतो. तुमच्या हाताशी असा माणूस नसेल तर अबार्थचा नाद सोडा, खरंच. पेट्रोलचं म्हणाल तर घाटात आठचा आकडा दिसला तरी हसत राहायचं.

वरळीकर

मजा तुमची आणि झोप आमची. कोस्टल रोडवर वेगमर्यादा ताशी ८० आहे, बोगद्यात ६०, आणि शनिवारी रात्री बारानंतर जे काही आमच्या खिडकीखालून जातं ते या दोन्ही आकड्यांत बसत नाही. सायलेन्सर बदललेल्या गाडीने गिअर खाली टाकला की फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. घरात तान्हं मूल आहे. धाग्यावर हेही कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं.

बावधनकर

बरं केलंत. सायलेन्सर कंपनीचाच राहील. आणि मी पहाटे निघून पोह्यांच्या वेळेला घरी येणारा माणूस आहे, रात्री बारानंतर डोळेच उघडे राहत नाहीत.

विंचूमालक, चिंचवड

वरळीकरांशी सहमत. सायलेन्सर बदलणं किंवा ताकद वाढवायला इंजिनचा ईसीयू म्हणजे संगणक रीमॅप करणं याला पोरं 'स्टेज वन' म्हणतात. कायद्याच्या भाषेत ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये येतं. दंड परवडेल, पण अपघात झाल्यावर विमा कंपनीने तेच कारण पुढे केलं तर बोंब.

ऊसपट्टा, कोल्हापूर

भावा, गाडी नंतर ठरव, आधी महिना ठरव.

माझ्याकडे पालिओ १.६ आहे. सचिन ज्या पालिओची जाहिरात करायचा तीच, फक्त मोठ्या इंजिनाची, शंभर अश्वशक्तीची. पंधरा वर्षं उलटली, फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला, अजून तशीच पळते. कोल्हापुरात गाड्यांचं वेड जुनंच. मोहितेंच्या कार्टिंग ट्रॅकवर पोरं मिसरूड फुटायच्या आधी वळणं घ्यायला शिकतात. त्यामुळे इथं अशी जुनी गाडी घेऊन फिरणाऱ्याला कुणी येडा म्हणत नाही, उलट चहा पाजून बॉनेट उघडायला लावतात.

आमचे रस्ते म्हणजे राधानगरीवरून दाजीपूर आणि खाली फोंडा घाट, नाहीतर गगनबावडा, नाहीतर आजऱ्यावरून आंबोली. पावसाळ्यात आंबोलीला धुक्यात बॉनेटचं टोक दिसत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवायची. आणि एकदा कारखाने सुरू झाले की गेम बदलतो. वळण घेतलं की समोर ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. ट्रॉलीतून पडलेला पाला रस्त्यावर पसरतो, त्यावर दव पडतं, आणि सकाळी सहा वाजता त्या पाल्यावर कुठलाही टायर धरत नाही, लाखाचा असला तरी. ट्रॅक्टरवाल्याची चूक नाही, तो पोटासाठी चालवतोय, आपण मजेसाठी.

म्हणून दसऱ्यापासून कारखान्यांचे भोंगे वाजेपर्यंतचे दिवस खरे. रस्ता धुऊन निघालेला असतो, डोंगर हिरवे असतात. मग थेट उन्हाळ्यात, पहाटेचं. वर्षातून एवढेच रविवार मिळणार हे धरून पैसे घाल.

फ्रिमाँटची नागपूरकर

मी २०१६ची माझदा मियाटा घेतली, म्हणजे एमएक्स-५ची चौथी पिढी. मॅन्युअल, लाल. इथे कॅलिफोर्नियात ऑफिसात सांगितलं तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं की ही हेअरड्रेसरची गाडी ना? दोन सीटची सगळ्यात जास्त खपलेली ओपन गाडी आहे ती, १९८९पासून बनतेय आणि २०१६मध्ये दहा लाखाची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. एवढे हेअरड्रेसर जगात असतील तर छानच.

माझ्या गाडीला साधारण १५५ अश्वशक्ती आहे. बे एरियात त्यावर लोक हसतात. इथे शेजारच्या इलेक्ट्रिक सेडानला त्याच्या दुप्पट असते. पण वजन हजार किलोच्या थोडंसंच वर. हलकी गाडी ब्रेकला लवकर ऐकते, टायर कमी खाते, आणि मुख्य म्हणजे कायद्याच्या वेगात मजा देते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वरपर्यंत ओढलं तरी तुम्ही तुरुंगात जाण्याइतके वेगात नसता. जास्त ताकदीच्या गाडीत त्याच्या आधीच मर्यादा संपते, मग उरलेली गाडी कुठे वापरणार?

माझा रस्ता म्हणजे वुडसाइडहून ८४ नंबरच्या रस्त्याने वर चढून स्कायलाइन बुलेवार्ड. वर अ‍ॅलिसेस रेस्टॉरंटपाशी रविवारी सकाळी मोटारसायकली आणि जुन्या गाड्यांची जत्रा असते. छप्पर हाताने, बसल्या बसल्या मागे टाकता येतं. सिग्नल हिरवा व्हायच्या आत होतं. रेडवुडच्या सावलीत शिरलं की हवा एकदम गार, बाहेर आलं की ऊन, असं आलटून पालटून. बंद गाडीत हे कळतच नाही.

बाबा नागपूरहून आले होते. त्यांना वाटलं लाल गाडी म्हणजे पोरीने काहीतरी मोठं केलं. बसायला गेले तर आधी एक पाय आत, मग गुडघा डॅशबोर्डला, मग "अबे, हे तर जमिनीवरच बसवते." समोर कागद ठेवायला कप्पा शोधत होते, या गाडीत तो नाहीच, दोन सीटच्या मध्ये मागे छोटा कप्पा आहे. डिकीत त्यांची मोठी बॅग मावेना. एअरपोर्टहून आणायला नवऱ्याची गाडीच न्यावी लागली. पण मग रोज संध्याकाळी चक्कर मारायला तयार! आईला मात्र केस उडतात म्हणून अजिबात नको.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट: इथे ऑटोक्रॉस नावाचा प्रकार असतो. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून वळणांचा रस्ता आखतात, एका वेळी एक गाडी सोडतात, हेल्मेट घालायचं, वेळ मोजतात, शंकू पाडला तर प्रत्येकी दोन सेकंद वाढवतात. आपली फेरी नसेल तेव्हा उन्हात उभं राहून दुसऱ्यांचे पाडलेले शंकू उभे करायचे. वेग फारसा दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. गाडी सुटली की काय होतं, ब्रेक कधी सोडायचा, नजर कुठे ठेवायची, हे तिथे कळलं, आणि भिंत-झाड-ट्रक काहीच जवळ नसताना कळलं. पुण्यात कुणी असं काही भरवत असेल तर गाडी घेण्याआधी तिथे जाऊन या.

सोसायटीची सेक्रेटरी

"फक्त रविवारी चालवणार" म्हणून आणलेली गाडी आठवडाभर दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून झोपते. आमच्याकडे अशा तीन आहेत. बावधनकर, आधी जागा मोजा. कव्हरखाली उंदीर बाळंत होतात आणि मग सगळा मजला येऊन मला विचारतो.

श्टुटगार्टहून

उंदरांचं इथेही आहे, फक्त इथे वायरी कुरतडणारा प्राणी मार्टेन असतो. तोही इंजिनच्या उबेला येतो.

मी जर्मनीत कामाला आलो तेव्हा वाटलं होतं की इथे घ्यायची तर ऑटोबानवर पळवायला. ऑटोबानवर सरळ रेषेत २०० ला जाण्यात पहिल्या महिन्यानंतर फक्त पेट्रोल जळतं. शिवाय बरेचसे पट्टे मर्यादेचे आहेत, दुरुस्तीचे तर विचारूच नका. मजा आहे ती श्वार्त्सवाल्डमध्ये, बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटकडे जाणाऱ्या बी ५०० रस्त्यावर. मी त्यासाठी जुनी बीएमडब्ल्यू झी४ घेतली, तीन लिटर, सरळ रांगेतले सहा सिलिंडर, टर्बो नाही. आवाजासाठी घेतली हे कबूल. सहा सिलिंडरचं इंजिन पाच हजारांच्या वर जे गातं त्याला टर्बोवाल्या चार सिलिंडरमध्ये उत्तर नाही.

इथली एक सोय फार शहाणपणाची वाटली. गाडीला हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या टोकाला दोन महिने एकाखाली एक छापलेले असतात, माझ्या प्लेटवर ०४ आणि १०. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, कर आणि विमा त्याच महिन्यांचा. उरलेल्या महिन्यांत चालवायची तर नाहीच, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करायची नाही. नोव्हेंबरमध्ये टायरमध्ये हवा थोडी जास्त भरतो, बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवतो आणि गॅरेजला कुलूप. १ एप्रिलला सकाळी आमच्या गल्लीत सगळ्या अशा गाड्या एकदम बाहेर येतात, बघण्यासारखं असतं.

भारतात अशी प्लेट नाही, पण २०२२पासून विमा कंपन्यांना चालवाल तेवढा हप्ता अशी पुरवणी देता येते. वर्षाला किती किलोमीटर ते आधी सांगायचं. रविवारच्या गाडीला ती विचारून बघा.

न्यूरबुर्गरिंग या इथल्या रेस ट्रॅकबद्दल सगळे विचारतात म्हणून: हो, गेलोय. तिथली नॉर्डश्लाइफ ही लांब फेरी २०.८ किलोमीटरची आहे आणि ठरावीक दिवशी तिकीट काढून कुणालाही आपली गाडी घेऊन जाता येते. पण जाण्याआधी विम्याचा कागद वाचा. बहुतेक पॉलिसीत ती जागा वगळलेली असते, आणि रेलिंगला धडकलात तर रेलिंगचं बिल वेगळं येतं. मी मित्राच्या शेजारी बसून एक फेरी मारली आणि बाहेर येऊन सॉसेज खाल्लं. स्वतःची गाडी पार्किंगमध्ये सुखरूप.

म्हापशेकार

सगळे परदेशी गाड्यांवर चाललेत, तर आमच्या गोव्याची आठवण करून देतो. सॅन स्टॉर्म. दोन सीट, फायबरची बॉडी, कापडी छप्पर, आत रेनॉचं बाराशे सीसीच्या आसपासचं इंजिन, साठ अश्वशक्ती. गोव्यात बनायची! माझ्या मामाच्या दोस्ताकडे एक होती, पिवळी. साठ अश्वशक्ती म्हणजे आजची कुठलीही मारुती पुढे जाईल, पण पणजीच्या मांडवी काठाने संध्याकाळी छप्पर काढून जाताना कुणाला पुढे जायचं होतं?

एकदा ती घराच्या लॅटराइटच्या गडग्याला घासली. पत्र्याची असती तर डेंटिंगवाल्याकडे नेली असती. ती गेली होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याने फायबरची चटई लावली, रेझिन फासलं, घासून गुळगुळीत केलं, रंग मात्र होडीचाच उरलेला लावून दिला. त्या बाजूने बघितली तर पिवळी थोडी वेगळी दिसायची, पण दोस्ताला त्याचाच अभिमान.

कुठे चांगली राहिलेली सापडली तर तुमच्या बजेटमध्ये बसेल, पण सापडणंच कठीण. सुट्या भागांचं विचारू नका.

नागोयाचा मिरजकर

आमच्याकडे होंडा बीट. १९९१ सालची डिझाइन. इंजिन ६५६ सीसी, तीन सिलिंडर, सीटच्या मागे बसवलेलं. ६४ अश्वशक्ती, कारण जपानमध्ये या छोट्या वर्गातल्या गाड्यांना त्यापुढे न जाण्याचं कंपन्यांनी आपसात ठरवलेलं. वजन ७६० किलो. आरपीएमची लाल रेघ ८५०० वर आहे आणि तिथपर्यंत न्यावीच लागते, नाहीतर पुढे सरकत नाही. ताशी ६० च्या वेगात शर्यत जिंकल्यासारखं वाटतं. मागचे टायर आपल्या छोट्या हॅचबॅकच्या टायरएवढेच रुंद.

पंचविशी ओलांडलेली गाडी म्हणून दर दोन वर्षांच्या सरकारी तपासणीला धाकधूक असते. होंडाने २०१७मध्ये बीटचे काही भाग पुन्हा बनवायला घेतले त्याचा आधार आहे. एअरबॅग मात्र विचाराल तर… हायवेवर दोन ट्रकच्या मध्ये आलो की बायको माझा हात घट्ट धरते, आणि तो गिअरचा हात असतो.

पंधरा लाखांत भारतात असं काही मिळत नाही हे वाईट. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करसवलत दिली, तर लोकांनी चार मीटरमध्ये उंच गाड्या बनवल्या. कुणीतरी एखादी बुटकी बनवली असती तर काय बिघडलं असतं?

देरा दुबई

निसान ३७० झेड, मॅन्युअल. अल ऐनपाशी जेबेल हफीत डोंगराचा रस्ता आहे, अकरा-बारा किलोमीटर नुसती वळणं आणि गुळगुळीत डांबर. ऑक्टोबर ते एप्रिल स्वर्ग, मे ते सप्टेंबर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. दर वर्षी सांगलीला गेलो की कुणीतरी विचारतं, परत येताना गाडी घेऊन येणार का? आणता येत नाही हो. वापरलेली गाडी भारतात आणायची तर तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. इथल्या सगळ्या डाव्या.

गिअरबदलू, औंध

थोडा वेगळा सूर. मी घेतली नाही, आणि मजा तुमच्याएवढीच करतो.

कोईमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. तिथे रेसिंग शाळेत शनिवार-रविवार फॉर्म्युला एलजीबीची गाडी चालवायला मिळते. एकच सीट, उघडी चाकं, आत मारुतीचं इंजिन, आणि बूड जमिनीपासून वीतभर वर. शिकवणारा ओरडतो, ब्रेक उशिरा मार. तुम्ही मारता, गाडी वळत नाही, मग कळतं की ब्रेक उशिरा मारणं म्हणजे जोरात मारणं, आणि वळताना सोडणं. दुपारपर्यंत मान दुखायला लागते. येण्याजाण्यासह जो खर्च होतो तो जुन्या गाडीच्या वर्षाच्या विमा-टायर-सर्व्हिसिंगपेक्षा कमी आहे. पार्किंग लागत नाही, उंदीर नाहीत, सेक्रेटरीबाई खूश.

घाटात खरं सांगायचं तर तुम्ही पूर्ण गाडी कधीच वापरत नाही, वापरूही नये. समोरून एसटी येते, कठड्यावर माकडं असतात, पर्यटक वळणावरच भजी खायला थांबतात.

विंचूमालक, चिंचवड

ट्रॅकचं पटतं, पण रविवारी सकाळी साडेपाचला किल्ली खिशात असणं ही वेगळी गोष्ट आहे. कोईमतूरचं विमान पकडून ती येत नाही.

फ्रिमाँटची नागपूरकर

दोन्ही करा ना बाप्पा.

बावधनकर

सगळ्यांचे आभार, सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचेही. जागा मोजली, खांबाला लागून बसते.

मधल्या काळात दोन गाड्या चालवून पाहिल्या. आय२० एन लाइन, २०२३नंतरची सहा गिअरची मॅन्युअल. एक लिटर टर्बो, १२० अश्वशक्ती. क्लच लोण्यासारखा, गिअर बोटाने पडतात, चारही डिस्क, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर गल्लोगल्ली. बाणेरच्या पाषाणकडच्या उतारावर चालवली, चांगलीच चालली. उतरलो आणि सेल्समनने विचारलं, कशी वाटली सर? मी म्हणालो छान. यापेक्षा जास्त काही सुचलं नाही, तिथेच अडकलोय.

दुसरी पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरची, डीएसजी ऑटोमॅटिकवाली, खरं तर दोन पेडलची म्हणजे माझ्या नियमाबाहेर, पण शेजाऱ्याने किल्ली दिली. चाकणची शेवटची पोलो २०२२मध्ये निघाली आणि तेव्हापासून जुन्यांचे भाव उतरायचं नाव घेत नाहीत. दार बंद होण्याचा आवाज ऐकून बायको म्हणाली, हीच घे. महामार्गावर सुरेख. पण सिंहगडाच्या चढावर गिअर कधी बदलायचा ते तिनेच ठरवलं, मला विचारलं नाही. रोजची गाडीही हेच करते, मग वेगळं काय?

त्यामुळे अबार्थकडे झुकलोय. नाशिकला एक आहे, पांढरी, दुसऱ्या मालकाची. विंचूमालकांनी भोसरीच्या काकांशी गाठ घालून दिली. काकांनी माझ्याकडे आधी नीट बघून घेतलं आणि मग म्हणाले, आणा. शनिवारी गाडी बघायला जातोय. जाणकारांनी तपासायचं काय ते सांगा.

गॅरेजवाला, सातपूर

नाशिकचाच आहे. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर समजा काहीतरी लपवायचं आहे. चहा घ्या, निघा. थंड असेल तर तुम्ही स्वतः किल्ली फिरवा आणि दुसऱ्या माणसाला सायलेन्सरपाशी उभं करा. निळा धूर पहिल्या मिनिटात दिसतो, नंतर नाही.

टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. रविवारी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, कडक होतात, नक्षी नवी दिसते आणि पकड गेलेली असते. चारही टायर एका वयाचे आहेत का ते पाहा. एकच नवा असेल तर का, ते विचारा.

डिकीतला गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात पत्रा ठोकल्याच्या खुणा बोटाला लागतात. खालून बघायला रॅम्प हवा, माझ्याकडे आणा, पैसे नकोत. टर्बोच्या पाइपच्या जोडांना तेलाचा ओलेपणा किती आहे ते दाखवतो. थोडा चालतो, थेंब चालत नाही. टायमिंग बेल्टचा कागद मागा. नसेल तर किमतीतून तेवढे कमी करायला सांगा, आढेवेढे घेऊ द्या.

चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम पूर्ण पाय द्या. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी त्या मानाने पुढे गेली नाही तर क्लच संपलाय. रस्ता मोकळा असेल तर स्टिअरिंग सैल धरून ब्रेक मारा, एका बाजूला जाते का ते कळेल.

कागदांत आरसी बुकावर बँकेचं नाव आहे का ते मोबाइलवर नाही, प्रत्यक्ष पाहा. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा उतरवायचा राहिलेला असतो, आणि मग आरटीओच्या फेऱ्या तुमच्या नशिबी. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मालकाच्या सहीचे घ्या. बोजा असेल तर बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत टोकनचा एक रुपया देऊ नका.